ओलीचा हिशेब : सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची नव्वद वर्षे

सोलापुरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बाहेरगावचा माणूस हा आकडा ऐकतो आणि म्हणतो, मग दुष्काळाची एवढी ओरड कशाला? पण इथला शेतकरी सरासरीवर पेरत नाही. मृग कोरडा गेला तर मूग-उडीद हुकतो. जून-जुलैत थोडेफार बरसून झाले की ऑगस्टात आभाळ नुसते तोंड दाखवून जाते. मग उत्तरा-हस्तात असे दोन-चार दणके येतात की बांध फुटतात, ओढे भरून वाहतात आणि चार दिवसांनी पुन्हा ऊन. वर्षभरात ऊन-वारा जेवढे पाणी उडवून नेऊ शकतात, ते पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून जास्त भरते.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तीस मिलिमीटरची एक सर पडली की त्या शिवारात हेक्टरी तीन लाख लिटर पाणी आले. त्यातले मुरले किती, वाहिले किती, उडाले किती आणि पिकाच्या मुळाला मिळाले किती, एवढे चार आकडे काढण्यासाठी १९३३ मध्ये इथे एक संशोधन केंद्र सुरू झाले. नव्वद वर्षांत त्याची नावे बदलली, मालक बदलले, योजना आल्या आणि गेल्या. ते चार आकडे काढण्याचे काम मात्र थांबलेले नाही. पुढचा मजकूर म्हणजे त्या कामाची हकीकत.

पूर्वपीठिका : १९३३ च्या आधी

हा मुलूख दुष्काळाला नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी मोकळी केली, ती कथा इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदविले. पाणी साठवणे हे पुण्यकर्म आहे ही समजूत इथे कोणत्याही सरकारी खात्याहून जुनी आहे.

इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला, मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. सरकारचा पहिला उपाय म्हणजे दुष्काळी कामे आणि दुसरा म्हणजे तलाव-कालवे. एकरूखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, इंग्रजी अमलातलाच. पण कालव्याचे पाणी चढून जाईल अशी जमीन थोडी, आणि ज्या जमिनीला पाऊस सोडून दुसरे पाणी कधीच दिसणार नाही ती अफाट. तिचे काय, हा प्रश्न मागेच पडत राहिला.

तो पुढे आणण्यात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील मंडळींचा मोठा वाटा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे खात्याचे संचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी दख्खनच्या पावसाचा ध्यास घेतला होता. १८६५ ते १९३८ या काळातील पावसाच्या नोंदी तपासून लिहिलेला त्यांचा प्रबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. खात्यातील व्ही. ए. तम्हाणे यांनी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर लहान प्रमाणात कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९२६ पासून एन. व्ही. कानिटकर यांनी ते काम विस्ताराने हाती घेतले. मांजरीच्या तुकड्यावर एक गोष्ट लक्षात आली होती. इथल्या शेतीची अडचण बियाण्यात किंवा खतात जितकी आहे, त्याहून अधिक ओलीत आहे, आणि ओल मोजल्याशिवाय तिच्यावर उपाय सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

पुढे लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेतकी आयोगाने कोरडवाहू शेतीकडे लक्ष वेधले. त्याच्याच शिफारशीने १९२९ मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या पैशातून १९३३ ते १९३५ या काळात देशात पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधन केंद्रे निघाली. मुंबई इलाख्यात सोलापूर आणि विजापूर, मद्रास इलाख्यात हगरी, निजामाच्या राज्यात रायचूर आणि पंजाबात रोहतक. त्यांतली सोलापूर-विजापूरची जोडी पहिली, १९३३ ची.

१९३३ ते १९४२ : पाया

या पहिल्या दशकाला या लेखात जास्त जागा दिली आहे, कारण पुढे जे झाले त्याचे बी इथेच पडले.

जमीन पावसाने धुपते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. किती धुपते हे मात्र तोवर कोणाला सांगता येत नव्हते. देशात जमिनीची धूप आणि वाहून जाणारे पाणी मोजण्याचे पहिले पद्धतशीर प्रयोग सोलापूरला या काळात सुरू झाले. पद्धत ऐकायला साधी वाटते. उताराच्या जमिनीवर ठराविक मापाचे तुकडे आखायचे, चारही बाजूंनी बंदिस्ती करायची म्हणजे बाहेरचे पाणी आत येणार नाही आणि आतले भलत्या वाटेने जाणार नाही. खालच्या टोकाला हौद. एका तुकड्यात ज्वारी, एकात नुसती नांगरट, एकात गवत वाढू दिलेले. पाऊस थांबला की हौदातल्या पाण्याची उंची मोजायची, पाणी चांगले ढवळायचे, बाटलीत नमुना घ्यायचा, तो आटवून खाली राहिलेला गाळ तोलायचा. पाऊस रात्री दोन वाजता थांबला आणि पहाटे पुन्हा येण्याची लक्षणे असतील तर कंदील घेऊन रात्रीच जायचे, नाहीतर दोन पावसांचे पाणी एक होते आणि हिशेब बुडतो.

ओलीची मोजणी याहून कंटाळवाणी. शेतात ठरल्या जागी गिरमिट घालून वीतभर, हातभर, दोन हात अशा खोलीवरची माती काढायची, डबीत भरून लगेच झाकण लावायचे, ओली तोलायची, भट्टीत १०५ अंशांवर वाळवायची, पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे ओल. पेरणीआधी, पेरणीनंतर, निसवताना, दाणा भरताना, काढणीला, आणि प्रत्येक तुकड्यात. काळी जमीन वाळली की दगडासारखी होते, गिरमिट आत जात नाही. ओली असली की चिकटून बाहेर येत नाही. ही कामे ज्या मजुरांनी, मुकादमांनी आणि निरीक्षकांनी वर्षानुवर्षे केली, त्यांची नावे कुठल्याही प्रबंधावर नाहीत. केंद्राची खरी पुंजी त्यांच्या नोंदवह्यांतली आहे, आणि या स्मरणिकेत पहिला मान त्यांचा असायला हवा.

या मोजणीतून जे चित्र उभे राहिले, त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली, वर्षभरात वाहून जाणारे बहुतेक पाणी आणि माती मोजक्याच दणक्यांत जाते, आणि तेही जमीन उघडी असताना. खरिपात पड ठेवून रब्बीत ज्वारी पेरायची ही इथली जुनी रीत, म्हणजे नेमक्या पावसाच्या महिन्यांत रान उघडे. गवताच्या तुकड्यातून मात्र पाणी निघाले तरी बहुतेक निवळ निघते. दुसरी गोष्ट अशी, की मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला वापरता येईल अशी दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल मावते. रब्बी ज्वारी पेरणीनंतर जवळजवळ पाऊस न बघता पिकते, ती या साठ्यावर. म्हणजे ज्वारीचे उत्पन्न पेरणीच्या दिवशी निम्मेअधिक ठरलेले असते. साठा भरलेला असेल तर कणीस, नाहीतर नुसता कडबा.

यातून जी पद्धत बांधली गेली ती ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ म्हणून देशभर ओळखली गेली. उताराला आडवे बांध घालायचे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करायची, शेणखत घालायचे, बी कमी पेरून दोन ओळींत अंतर जास्त ठेवायचे आणि सारख्या कोळपण्या देऊन जमिनीच्या भेगा बुजवत राहायचे. या सगळ्यामागे एकच तर्क : साठा वाढवा, खाणारी तोंडे कमी करा, उडणारी वाफ अडवा. १९४४ मध्ये कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सोलापूरचे नाव शेतीच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे १९६० मध्ये सिरूर आणि गोखले यांच्या सहकार्याने त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

शेजारी मोहोळला याच काळात दुसरे काम झाले. गावोगावच्या मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. मोत्यासारखा दाणा, गोड कडबा आणि ओल संपत आली तरी टिकून राहण्याची चिवट वृत्ती. त्यानंतर कित्येक वाण आले, पण बाजारात आजही गिऱ्हाईक ‘मालदांडी आहे का’ असेच विचारते.

स्मरणिका असली तरी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मुंबई पद्धतीने उत्पन्न वाढले ते पंधरा ते वीस टक्के. मुळात हेक्टरी दोनशे ते चारशे किलो पिकणाऱ्या रानात ही वाढ म्हणजे तीस ते ऐंशी किलो धान्य. त्यासाठी बांध घालायचे, खोल नांगरटीला सहा-आठ बैल जुंपायचे, शेणखत विकत आणायचे. शेतकरी प्रयोग बघायला येत, मान डोलावत आणि घरी जाऊन आपल्या रीतीनेच पेरत. त्याला अडाणी ठरवणारे तेव्हाही होते. पण त्याचे गणित चुकलेले नव्हते.

१९४२ ते १९५२ : बांधबंदिस्ती

१९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला. त्याच सुमारास विजापूर भागात मोठा दुष्काळ पडला आणि दुष्काळी काम म्हणून समतल बांध घालण्याचा सपाटा सुरू झाला. खडी फोडण्यापेक्षा बांध घातलेला बरा, हा विचार रास्तच होता. सोलापूर-विजापूरच्या आकड्यांचा आधार या कामाला होता. काही वर्षांत सोलापूर, अहमदनगर, विजापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या माळांवर बांधांच्या रेघा उमटल्या.

मोठ्या प्रमाणावर काम झाले की प्रयोगाच्या तुकड्यावर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. हलक्या-मध्यम जमिनीत समतल बांध चांगले टिकले. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या पोटाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे, उन्हाळ्यात बांधालाच भेगा जात आणि पुढच्या पावसात पाणी नेमके तिथून फोडून निघे. शिवाय समतल रेषेला सातबारा कळत नाही. ती एकाच्या शेताच्या मधून शिरते आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यातून निघते. भारी जमिनीत पाणी पूर्ण न अडवता सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध घालावेत, हा निष्कर्ष निघायला आणि तो खात्याच्या अंगवळणी पडायला बराच काळ गेला.

१९५२ ते १९६८ : मधला काळ

या सोळा वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणाही नाही. देशाचे लक्ष धरणे आणि बागायतीकडे होते, पैसाही तिकडेच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विजापूर म्हैसूर राज्यात गेले आणि जुळ्या केंद्रांची ताटातूट झाली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपाच्या ज्वारीत मोठा फरक पडला. रब्बीत मात्र संकरित वाण रुजेनात. दाण्याची चव, भाकरीची प्रत आणि विशेषतः कडबा, यांत मालदांडीला तोड नव्हती. ज्याच्या दावणीला खिलार जोडी आणि पंढरपुरी म्हैस आहे, त्याला ज्वारीचे पीक अर्धे धान्याचे आणि अर्धे वैरणीचे असते. ही गोष्ट देशाच्या योजनाकारांना उशिरा उमगली.

गिरमिट आणि डब्या या काळातही चालूच होत्या.

१९६८ ते १९७८ : विद्यापीठ, समन्वित प्रकल्प आणि बहात्तर

१९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि सरकारी शेतकी खात्याची संशोधन केंद्रे विद्यापीठाच्या छत्राखाली आली. असे स्थित्यंतर म्हटले की सेवाज्येष्ठता, बदल्या, कोणाचे काय कोणाकडे, असे प्रश्न येतातच. त्यांचा पाढा इथे वाचण्याचे कारण नाही. १९७० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कॅनडाच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू केला. मुख्यालय हैदराबाद, देशभर तेवीस केंद्रे, त्यांत सोलापूर. केंद्राला नवी माणसे मिळाली, नवी उपकरणे मिळाली आणि इतर केंद्रांशी आकडे ताडून बघण्याची सोय झाली.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना वर्णनाची गरज नाही. परदेशातून आलेली लाल मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा, छावण्यांतली जनावरे आणि कडब्याच्या पेंढीला सोन्याचा भाव. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात खऱ्या अर्थाने उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. नाला बांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती या कामांवर लाखो हात लागले. १९७३-७४ मध्ये केंद्र सरकारचा अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम आला आणि सोलापूर जिल्हा त्यात होताच.

बहात्तरनंतर केंद्राच्या कामाचा रोख बदलला. तोवर प्रश्न असा होता की चांगल्या वर्षी जास्त कसे पिकवावे. आता शेतकरी विचारू लागला की वाईट वर्षी काय करावे. त्यातून आपत्कालीन पीक नियोजन उभे राहिले. पाऊस जूनअखेर आला तर काय पेरायचे, जुलैच्या मध्याला आला तर काय, ऑगस्टात आला तर काय. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक ओळ हे आंतरपीक त्याच विचारातले. बाजरी लवकर निघते, तूर मागे राहून उरलेल्या ओलीवर आणि परतीच्या पावसावर भरते. दोघांपैकी एक तरी पदरात पडते. सूर्यफूल आणि तूर ही दुसरी जोडी. शेतकऱ्यांनी या शिफारशी झटकन उचलल्या. त्यांचे आजेही पाभरीच्या एका नळ्यातून तूर सोडत असत, केंद्राने त्याला ओळींचे प्रमाण आणि वाण दिले.

दुसरी मोठी शिफारस पेरणीच्या तारखेची. जुनी रीत हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर रब्बी ज्वारी पेरण्याची. पेरणी सप्टेंबरमध्ये अलीकडे ओढली तर पीक ओलीच्या साठ्याचा पुरा उपयोग करून घेते आणि उत्पन्न वाढते, हे प्रयोगांनी वारंवार दाखवले. अडचणी होत्याच. लवकर पेरावे तर खोडमाशी पोंगे मारते, उशिरा पेरावे तर ओल निसटते. म्हणून बियाण्याला औषध लावणे आणि दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पण वेगवेगळ्या खोलीवर पेरणे, या गोष्टी तारखेला जोडून सांगाव्या लागल्या.

कोळपणीची शिफारस तर इतकी नेमकी आहे की ती इथे मुद्दाम देतो. पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, फटीच्या कोळप्याने. दुसरी पाचव्या आठवड्यात, पासेच्या कोळप्याने. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्याने, कारण तोवर जमिनीचा वरचा थर आवळून भेगा पडू लागलेल्या असतात आणि साधी पास आत जात नाही. तिसऱ्या कोळपणीच्या वेळी तण फारसे नसतेच. ती भेगांसाठी. जुनी माणसे कोळपणीला अर्धे पाणी म्हणत, आणि डब्यांतल्या मातीने त्यांना खरे ठरवले.

१९७९ ते १९८९ : शिवारापासून पाणलोटापर्यंत, आणि माळावर

या दशकात राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाखाली सोलापूरला अवर्षणप्रवण विभागाचे विभागीय केंद्र म्हणून मोठी जबाबदारी मिळाली. कृषी हवामानशास्त्राचा समन्वित प्रकल्पही इथे आला. १९८५ मध्ये हैदराबादचा समन्वित कोरडवाहू प्रकल्प एका स्वतंत्र केंद्रीय संस्थेच्या घरात गेला.

विचारातला बदल त्याहून महत्त्वाचा. एका शेताला बांध घालून भागत नाही, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे पाणलोट क्षेत्र एक धरून काम करायला हवे, हे या काळात सर्वत्र मान्य झाले. महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम सुरू केला. पुरंदरमधील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून अडवलेल्या पाण्याच्या वाटपाचाही प्रश्न सोडवून दाखवला होता. शास्त्रज्ञांची मोजमापे वाटपाच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. नायगावने जे शिकवले ते डबीत मोजता येणारे नव्हते.

पाणलोटाचा माथा म्हणजे बहुधा बरड माळ. हातभर मुरूम, त्याखाली कातळ. अशा जमिनीत ज्वारी पेरणे म्हणजे बी आणि माती दोन्ही घालवणे. जमिनीच्या खोलीप्रमाणे वापर ठरवा, हे केंद्राचे सांगणे. खोल जमिनीत ज्वारी, मध्यम जमिनीत बाजरी-तूर, आणि बरडावर गवत, चाऱ्याची झाडे, फार तर बोर-सीताफळ. मारवेल, पवन्या यांसारखी बहुवर्षायू गवते आणि त्यांच्यात अंजन, सुबाभूळ अशी वनकुरणाची मांडणी सुचवली गेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी गवताच्या तुकड्यातून निवळ पाणी निघालेले ज्यांनी पाहिले होते, त्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

माळाची दुसरी शाळा सोलापूरपासून जवळच, नान्नजला भरली. अवर्षणप्रवण कार्यक्रमात वनखात्याने तिथे गवताचे तुकडे राखले होते. चराई थांबली तसे गवत उठले. जिथे कुसळी आणि भुरकट एकवर्षायू गवतच शिल्लक होते, तिथे चांगली गवते परतली, टोळ-नाकतोडे वाढले आणि त्यांच्यामागे माळढोक पक्षी. १९७२ मध्ये बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले होते. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी या माळाचा बारकाईने अभ्यास केला. पडीक म्हणून सरकारी कागदात नोंदलेली जमीन ही स्वतःची रीत असलेली जिवंत व्यवस्था आहे, हे त्यातून सिद्ध झाले. अभयारण्याची हद्द इतकी अवाढव्य आखली गेली की गावेच्या गावे तिच्यात सापडली, लोकांचा रोष झाला आणि पुढे ती हद्द बरीच कमी करावी लागली. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

कुरणाचे काम शेतीच्या कामाइतके फळाला आले नाही, हे मान्य करायला हवे. गवताचा प्रयोग केंद्राच्या कुंपणात यशस्वी होतो, गायरानात होत नाही, कारण गायरानाला कुंपण नसते आणि मालकही नसतो. जिथे गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःहून पाळली तिथे माळ हिरवे झाले. धनगरांच्या कळपांचे काय, हा प्रश्न अशा ठिकाणी बहुधा दुसऱ्या गावाच्या माळावर ढकलला गेला.

१९९० ते २००९ : फळबागा आणि मातीतले कर्ब

१९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि बोर, डाळिंब, सीताफळ यांनी कोरडवाहू रानाचा चेहरा बदलला. गावठी बोराच्या खुंटावर जागच्या जागी डोळा भरून उमराण जातीचे बोर करण्याचे तंत्र असे, की खोल गेलेले मूळ तसेच राहते आणि वर फळ बाजाराचे लागते. सांगोला तर डाळिंबासाठीच ओळखला जाऊ लागला. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच झाले.

केंद्रावर याच काळात एक संथ प्रयोग मुरत होता. त्याच तुकड्यांना दरवर्षी तीच खते देत रब्बी ज्वारी घ्यायची आणि मातीचे काय होते ते बघायचे. एकाला नुसता युरिया, एकाला शेणखत, एकाला अर्धे नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि अर्धे युरियातून. पाला आणि युरिया यांची निम्मेनिम्मी जोडी चांगली ठरली, आणि मातीतले सेंद्रिय कर्बही टिकले. असे प्रयोग दोन-तीन वर्षांत काहीच सांगत नाहीत. त्यांना पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि तेवढ्यात प्रयोग मांडणारा निवृत्त झालेला असतो. मागून आलेल्या प्रत्येकाने आधीच्याचा आराखडा न मोडता पुढे नेला, यासाठी या काळातील सर्व सहकाऱ्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे.

वाणांचे कामही वेगाने झाले. एकच वाण सगळ्या जमिनींना न सांगता खोलीप्रमाणे वाण देण्याची पद्धत विद्यापीठाने रूढ केली. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा.

२०१० पासून : आजचे काम

२०११ मध्ये हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि समन्वित कोरडवाहू प्रकल्पाच्या केंद्रांनी गावे निवडून शेतकऱ्यांच्या रानात काम सुरू केले. पेरणीआधी शेतात लहान लहान बंदिस्त वाफे पाडून सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी मुरवणे, सरी-वरंबे, शेततळ्यातून ज्वारीला पोटरीच्या सुमारास एखादे संरक्षित पाणी, ही त्यातली मुख्य कामे. बंदिस्त वाफ्यांची शिफारस काही नवी नाही. पूर्वी ती बैलांनी आणि माणसांनी करावी लागे म्हणून मागे पडली, आता ट्रॅक्टरच्या अवजाराने सकाळभरात होते.

जिल्हा मात्र केंद्राच्या डोळ्यांदेखत पालटला आहे. उजनीचे पाणी आले, ऊस आला, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आज सोलापूरचे नाव घेतले जाते. कोरडवाहू संशोधनाचे माहेरघर उसाच्या फडांनी वेढले जावे, यात गंमत आहे तशी काळजीही आहे. पाझर तलाव आणि नाला बांध यांनी मुरवलेले पाणी शेजारची बोअर उपसते आणि उसाला जाते. केंद्राच्या सभांत हा प्रश्न निघतो तेव्हा आवाज चढतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, हुरड्याला शहरी गिऱ्हाईक लागले, भरडधान्यांचे दिवस आले असे सगळे म्हणतात. तरी कोरडवाहू रानातला तरुण शेतकरी केंद्रावर येऊन पहिला प्रश्न बोअरबद्दलच विचारतो.

वेधशाळेतला पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचला जातो. शेजारी बाष्पीभवनाचे भांडे आहे. स्वयंचलित यंत्रे आली आहेत, ओल मोजणारी विजेची साधनेही आहेत, पण त्यांचे आकडे पडताळून बघायला अजून गिरमिट लागतेच. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो आणि मोबाइलवरून गावोगाव जातो. सप्टेंबरात त्यावर सगळ्यांत जास्त फोन येतात. पलीकडून कोणीतरी विचारतो, साहेब, उत्तराने काल पस्तीस मिलिमीटर दिले, पेरू का थांबू? इकडचा माणूस आधी विचारतो, जमीन किती खोल आहे तुमची?